डिझेल की बॅटरी? खान्देशातल्या गोदामासाठी फोर्कलिफ्ट निवडताना

किमतीचा हिशेब नंतर करा. गोदामात माल कोणता आहे आणि गाडीकडे रोज लक्ष कोण देणार, हे आधी ठरवा.

सावदा, रावेर, फैजपूरकडे केळीचं पॅकहाऊस किंवा कोल्ड स्टोरेज असेल, तर डिझेल नकोच. डिझेलच्या धुरात इथिलीन असतं आणि केळी पिकवणारा वायूही तोच. शिवाय बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग ना वास, माणसाचं डोकं गरगरू लागतं तेव्हाच कळतं.

जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचं, गणित वेगळं. उघडं आवार, खडबडीत जमीन, हंगामात दोन-दोन पाळ्या. तिथे डिझेलची गाडी चांगली चालते, पण तिला रुई सोसत नाही. तंतू रेडिएटरच्या जाळीत आणि एअर फिल्टरमध्ये अडकतात, इंजिन तापतं. ऑइल साधारण 250 तासांनी बदलतात, जाळी मात्र हंगामात रोज हवा मारून साफ करावी लागते. गरम सायलेन्सरवर रुई चिकटली तर आगीला वेळ लागत नाही. स्पार्क अरेस्टर (धुरातून ठिणग्या बाहेर पडू न देणारा भाग) बसवणं, गाडीवर अग्निशामक ठेवणं आणि गाठींच्या बंद गोदामात ती न नेणं, एवढं जमणार नसेल तर जिनिंगवाल्यांनीही डिझेल घेऊ नये.

बॅटरीत पुन्हा दोन प्रकार. लेड-ॲसिड स्वस्त, पण तिची रोज काळजी घ्यावी लागते. 48 व्होल्टच्या बॅटरीत 24 सेल असतात. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर भरायचं, आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ॲसिड उतू जातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच घाला. पूर्ण चार्जला आठेक तास लागतात आणि त्यात हायड्रोजन निघतो. हवेत तो 4 टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो, म्हणून जागा हवेशीर हवी आणि जवळपास बिडी-सिगारेट अजिबात नको. त्यात आपला मे महिना. बॅटरीचं तापमान 25 अंशांच्या वर दर 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. जळगाव-भुसावळला पारा 45 च्या घरात असताना पत्र्याच्या शेडखाली दुपारी चार्जिंग लावणं म्हणजे बॅटरी हाताने संपवणं. रात्री लावा.

लिथियम महाग, पण पाणी घालायची कटकट नाही, जेवणाच्या सुट्टीतही चार्ज होते. दोन पाळ्या चालत असतील तर मी तीच घ्यायला सांगेन. एका पाळीच्या दालमिलला लेड-ॲसिड पुरे. जुन्या गाडीत लिथियम बसवणार असाल तर मात्र जपून: जड लेड-ॲसिड बॅटरी मागच्या बाजूचा तोल धरते. ते वजन कमी झालं तर माल उचलताना गाडी पुढे कलंडू शकते. कंपनीच्या लेखी होकाराशिवाय बदल करू नका.

काही गोष्टी डिझेल आणि बॅटरी दोन्हींत सारख्याच. फोर्कची (माल उचलणाऱ्या दात्याची) टाच, म्हणजे दाता जिथे वळतो तो कोपरा, 10 टक्के झिजली की वजन पेलायची ताकद सुमारे 20 टक्क्यांनी घटते, फोर्क बदलायचाच. मास्टची (फोर्क ज्यावरून वर-खाली होतो त्या उभ्या सांगाड्याची) चेन 3 टक्के लांबली की तीही बदलायची. ऑपरेटरला पट्टा बांधायला लावा आणि पुन्हा पुन्हा सांगा: गाडी कलंडली तर उडी मारायची नाही, स्टिअरिंग घट्ट धरून पडत्या बाजूच्या उलट झुकायचं. उडी मारणारा माणूस गाडीखाली सापडतो.

विक्रेत्याला शेवटी एकच विचारा: बिघाड झाला तर मेकॅनिक जळगाव-धुळ्यातला येणार की नाशिकहून? उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.