पिकअपचे ‘बारमाही’ टायर : एक उन्हाळा, एक पावसाळा आणि खाचेत अडकलेली खडी

कंपनीकडे क्लेमला, म्हणजे भरपाईच्या दाव्यासाठी, दिलेला मागचा डावा टायर नऊ दिवसांनी परत आला. सोबत शेरा : ‘दगडाने छेद, उत्पादनदोष नाही, दावा अमान्य.’ शेरा बरोबर आहे. टायर कापून बघितला तर कोणीही हेच लिहील. राग आहे तो दुकानावर. रोज पाणंद रस्त्याने आणि क्रशरच्या खडीवरून जाणाऱ्या पिकअपला त्यांनी हा टायर ‘ऑल सीझन आहे, बारा महिने बघायला नको’ असं सांगून बसवला. दुकानाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ही चूक एकाच काउंटरवर होत नाही.

गाडी १.३ टनी पिकअप, मागे एकेरी चाकं. टायर १९५/८० आर १५ एलटी (हलक्या मालगाडीचा), ८ पीआर (भार पेलण्याची प्रत), ट्यूबलेस. माल भाजीपाला आणि कांदा : शेतातून पिंपळगाव बसवंत, नाहीतर थेट कसारा घाट उतरून वाशी. परतीला बहुतेक वेळा नुसते रिकामे क्रेट. महिन्याला २,८०० किलोमीटरच्या आसपास. चारही टायर मार्च २०२५ मध्ये घातले, ऑगस्टमध्ये मागचा डावा गेला, सप्टेंबरअखेर मागची जोडी बदलली. त्यानंतरचे सहा महिने धरून हा अनुभव.

आधी त्या ‘ऑल सीझन’ शब्दाचं. टायरच्या बाजूला ‘एम प्लस एस’ छापलेलं असतं, ते बोट दाखवून विक्री होते. त्याचा अर्थ चिखल आणि बर्फ. हा शिक्का कंपनी नक्षीवरून स्वतःच देते, त्यासाठी ठरलेली चाचणी नाही. डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं ते चाचणीनंतर मिळतं, पण ते बर्फासाठी. नाशिक-मुंबई करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. आपले ऋतू वेगळे. एप्रिल-मेमध्ये तापलेलं डांबर आणि काँक्रीट, जूनपासून चार महिने पाणी आणि खड्ड्यात टाकलेली सुटी खडी, आणि कांद्याच्या दिवसांत भरगच्च हौदा. या तिन्हींत टिकतो तो आपला बारमाही टायर, बाजूला काही का छापलेलं असेना.

पहिले तीन महिने या टायरबद्दल मत वाईट होतं, ते नंतर बदलावं लागलं. ६,००० किलोमीटरला खाचेची खोली मोजली तर मागच्या दोन्ही टायरांना मधोमध १.१ मिमी झीज आणि कडांना जेमतेम अर्धा मिमी. रबर मऊ आहे असंच वाटलं. दोष टायरचा नव्हता, हवेचा होता. टायरच्या बाजूला ६५ पीएसआय लिहिलंय म्हणून मागे कायम ६५ ठेवलं जात होतं. तो आकडा पूर्ण भाराचा आहे : एका टायरवर ९५० किलो असतील तेव्हा. रिकाम्या परतीत त्याच हवेला टायर ढोलासारखा ताणतो, रस्त्याला फक्त मधला पट्टा लागतो आणि तोच झिजतो. आता दाराच्या खांबावर हवेचे आकडे छापलेली पट्टी असते, तिच्याप्रमाणे भरलेल्या आणि रिकाम्या गाडीची हवा वेगळी ठेवतो. पुढच्या ६,००० किलोमीटरला मध्य आणि कडा यांत फरक ०.२ मिमी इतकाच आला. एवढ्यासाठी दीडशे रुपयांचं खोली मोजायचं गेज घ्याच. एक रुपयाचं नाणं घालून अंदाज करण्यात अर्थ नाही.

हवा बघायची ती सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना. ६५ वर भरलेला टायर २५ अंश तापला की ७१-७२ दाखवतो. दुपारी शहापूरजवळ पंपावर ‘हवा जास्त आहे’ म्हणून काढून टाकली, की रात्री थंड झालेला टायर ५८-५९ वर येतो आणि दुसऱ्या दिवशी माल भरल्यावर बाजू जास्त दबते. बाजू दबली की टायर आतून तापतो आणि उन्हाळ्यात फुटतो. नायट्रोजन भरला तरी दाब तापमानाबरोबर असाच वाढतो.

भाराचं गणित एकदा करून ठेवा, कारण क्लेमवालाही तेच करतो. टायरच्या बाजूला भाराचे आकडे छापलेले असतात. आमच्या टायरवर १०६/१०४. त्यातला पहिला आकडा एकेरी चाकाचा, म्हणजे ९५० किलो. दुसरा दुहेरी चाकाचा, ९०० किलो. तो आपल्याला लागू नाही. मागचे दोन मिळून १,९००. रिकाम्या गाडीचे मागच्या एक्सलवर साधारण ७०० धरा. पन्नास किलोच्या २६ गोण्या म्हणजे १,३०० किलो, त्यातले अकराशे-साडेअकराशे मागे येतात. बेरीज १,८५०, म्हणजे मर्यादेला टेकलीच. चाळीस गोण्या टाकल्या की एका टायरवर बाराशेच्या वर जातात. स्प्रिंगचे पाटे वाढवून घेतल्याने गाडी बसत नाही, पण टायरची ताकद आहे तेवढीच राहते.

पावसात हा टायर खरोखर चांगला निघाला, हे मोकळेपणाने लिहायला हवं. जुलैमध्ये भरलेली गाडी घेऊन कसारा उतरताना ओल्या वळणावर मागून एकदाही घसरली नाही. तुटक ठोकळ्यांच्या नक्षीला कडा जास्त, पाणी कापायला जागा जास्त. शेतातल्या काळ्या चिखलातून सुद्धा भरलेला पिकअप ट्रॅक्टर न लावता निघाला. इथपर्यंत ‘घ्या’ असंच सांगितलं असतं.

पण खडी.

या नक्षीत ठोकळ्यांमधल्या खाचा खोल आहेत, खाली निमुळत्या होत जातात आणि तळ साफ गुळगुळीत आहे. टायर फिरताना खाच किंचित उघडते, आठ-दहा मिमीचा खडा आत जातो. चाक पुढे फिरलं की खाच मिटते आणि खडा चिमटीत धरल्यासारखा राहतो. पुढच्या फेऱ्यात तो जमिनीवर आपटून आणखी खाली जातो. या साइजच्या चाकाचे किलोमीटरला साधारण ४६० फेरे होतात. दोनशे किलोमीटरच्या एका खेपेत एकाच खड्यावर नव्वद हजारांहून जास्त ठोके. त्यात पावसाळ्यात रबर ओलं असतं, आणि ओलं रबर कोरड्यापेक्षा फार सहज कापलं जातं. खडा तळाचं रबर फोडून पोलादी तारांच्या थरापर्यंत पोचला की पाणी आत शिरतं, तारा गंजतात, वरचं रबर सुटतं आणि पृष्ठावर गोटीएवढा उंचवटा येतो. गाडीत आधी स्टिअरिंगला नाही, बैठकीला थरथर जाणवते, चाळीस-पन्नासच्या वेगात. आमच्या टायरचं हेच झालं, १५,५०० किलोमीटरला, खाच अजून साडेसहा मिमी शिल्लक असताना.

बॅलन्सिंगला नेलं तर तिथे वजनाच्या शिशाच्या पट्ट्या लावून दिल्या आणि थरथर थोडी कमीही झाली. हे सगळ्यांत धोक्याचं. बॅलन्सिंगने थर सुटलेला टायर बरा होत नाही, फक्त लक्षण झाकलं जातं. अचानक थरथर सुरू झाली तर आधी मागची चाकं जॅकवर घ्या, हाताने हळू फिरवा आणि नक्षीवर तळहात ठेवून उंचवटा लागतो का बघा. लागला तर त्या टायरवर माल भरायचा नाही.

उपाय म्हणून खडे काढावे लागतात. चांगल्या खाचेच्या टायरला आठवड्यातून एकदा नजर टाकली तरी चालतं. याला पावसाळ्यात रोज, आणि मागच्या दोन चाकांना वीस मिनिटं. एका दिवशी एका टायरमधून ३१ खडे निघाले. बोथट टोकाचा, चपटा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा. टोकदार पेचकसाने तळाला नवीन छेद पडतो. गाडी नुकतीच थांबलेली असावी, म्हणजे रबर कोमट आणि नरम असतं. खड्याच्या बाजूने सरकवून खाचेच्या लांबीच्या दिशेने उचलायचा, ठोकळ्यावर टेकू देऊन आडवा उपसायचा नाही, ठोकळ्याची कड फाटते. खडा फार खोल असेल तर आधी साबणाचं पाणी ओता. बुडबुडे आले तर तो रस्त्यात काढू नका, पंक्चरवाल्यापर्यंत तसाच न्या. छेद आरपार असेल तर आतून मशरूम पॅच (देठ छेदात, टोपी आत चिकटलेली) मारून घ्यायचा. बाहेरून कोंबलेल्या पट्टीने हवा थांबते, पण आतल्या बाजूने थर मोकळाच राहतो.

म्हणून टायर घेताना आता एकच गोष्ट आधी बघतो : खाचेचा तळ. मोबाइलची बॅटरी लावून आत बघा. तळाशी मधोमध बारीक उंच पट्टी किंवा टप्प्याटप्प्याने रबराच्या गाठी दिसल्या पाहिजेत. खडा आत गेला तर त्या दबतात आणि जमीन सुटताच त्याला बाहेर ढकलतात. दहा मिनिटं ब्रँडवर घालवणारं गिऱ्हाईक तळाकडे दहा सेकंदही बघत नाही, आणि विकणाराही दाखवत नाही.

क्लेमबद्दल थोडक्यात. बिलावर चारही टायरचे सिरीयल नंबर लिहून घ्या. नंबर नसेल तर काउंटरवरूनच परत पाठवतात. दोष मान्य झाला तरी पूर्ण पैसे मिळत नाहीत, शिल्लक खाचेच्या प्रमाणात सूट मिळते. म्हणून देताना गेज लावून खोलीचा फोटो काढून ठेवा. बाजूवरच्या आकड्यांतले शेवटचे चार बघा : ३१२३ म्हणजे २०२३ सालचा ३१ वा आठवडा. आमच्या मार्च २०२५ च्या खरेदीत चारपैकी दोन टायर याच तारखेचे, म्हणजे दीड वर्षाहून जुने होते. बसवण्याआधी सांगितलं असतं तर बदलून मिळाले असते. रिमवर चढल्यावर कोणी ऐकत नाही.

क्लेम फेटाळला तेव्हा ऑगस्ट संपत आला होता आणि जीएसटी कमी होणार अशी चर्चा होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ५,००० असेल तर ६,४०० चा टायर ५,९०० ला. जोडीमागे हजार रुपये वाचवायला तीन आठवडे थांबलो, म्हणजे स्टेपनी चाकाला लावलेली आणि सोबत दुसरी स्टेपनी नाही, अशा गाडीने घाट केला. हे चुकलं. पुन्हा करणार नाही, कोणी करूही नये. वाटेत एक पंक्चर म्हणजे टोइंग, आणि वर गाडीतल्या टोमॅटोचं नुकसान.

मागे आता सलग रेघांची नक्षी आहे, ज्याला टायरवाले लाइन टायर म्हणतात, तळाला गाठी असलेली. नव्या टायरची खोली ९ मिमी, १६,००० किलोमीटरनंतर ७.२. हाच वेग राहिला तर ३ मिमीपर्यंत ५३,००० च्या आसपास जातील. नियमाने १.६ मिमीपर्यंत चालतो, पण पावसाळ्यात ३ च्या खाली टायर पाणी नीट फेकत नाही, त्यामुळे हिशेब तिथेच थांबवायचा. सहा महिन्यांत दोन्ही टायर मिळून खडे निघाले ते मोजके, तेही वरवरचे. आवाज कमी झाला. जुनी ठोकळ्यांची जोडी पुढे आहे; पुढे भार कमी, त्यामुळे खडे अडकतात पण खोल जात नाहीत. नवी जोडी नेहमी मागेच. बरेच जण नवे टायर पुढे घालतात, पण ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली तर स्टिअरिंगने काही सावरत नाही.

लाइन टायरचं उणं आहेच. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात शेतातून निघताना गाडी दोनदा रुतली. खाचा चिखलाने भरल्या की टायर गोटा झाल्यासारखा फिरतो. वर्षात असे दहा-बारा दिवस येतात. त्या दिवशी माल बांधावरून डोक्यावर आणून डांबरी रस्त्यावर भरतो. ज्याचा अर्धा धंदा शेतातच आहे, त्याने ठोकळ्यांची नक्षी जरूर घ्यावी, पण तळाला गाठी असलेली.

चाक बदललं की नट समोरासमोरचे आलटून-पालटून आवळा आणि पन्नास-साठ किलोमीटरवर पुन्हा पाना लावा. पहिल्या भरलेल्या खेपेत ते सैल होऊ शकतात. पुढची जोडी आता ४.१ मिमीवर आहे. मे संपायच्या आत ती उतरेल, आणि त्यातला बरा टायर स्टेपनीला जाईल, खडे काढून आणि आतून बघून.