ताडोबाच्या बफरमधलं तीन खोल्यांचं होमस्टे, राहून आलो म्हणून सांगतो

होळी झाल्यावरच्या शनिवारी आम्ही चौघं, मी, बायको अन दोन पोट्टे, हिंगणघाटहून निघालो अन ताडोबाच्या वाघाच्या जंगलात शिरायच्या मोहर्ली गेटच्या अलीकडे, बफरमधल्या म्हणजे जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या एका गावात दोन रात्री राहिलो. नाव टाकत नाही, कारण होमस्टे चालवणाऱ्या काकूनंच दम दिला, "नाव टाकान तं फोन मलेच उचला लागते, अन खोल्या तीनच हायेत." मोहर्लीच्या चहाटपरीवर विचारा, कोणीही सांगते.

खोली साधी. मातीची भिंत, वर कवेलू, खाली सारवलेलं, एक कुलर जो आवाज जास्त अन हवा कमी देते. गरम पाणी चुलीवरचं, बादलीत. पिण्याले माठ अन तांब्या. बायकोनं आधी नाक मुरडलं, तिले सीलबंद बाटली पाहिजे होती, पण संध्याकाळपर्यंत पोट्ट्यांनी अर्धा माठ संपवला होता. मले हेच आवडलं, कारण कोरोनानंतर आम्ही एका रिसॉर्टात राहिलो होतो, दारावर इको-फ्रेंडलीची हिरवी पाटी अन आत चमचा प्लास्टिकात, साबण प्लास्टिकात, चादरसुद्धा प्लास्टिकात पॅक. सॅनिटाइज्ड म्हणे. तेव्हा भीती होती, समजू शकतो, पण भीती गेली तरी ते प्लास्टिक गेलं नाही अन मागच्या नाल्यात सगळं पडलेलं आम्ही डोळ्यानं पाहिलं.

जेवणाले पूर्ण मार्क. तांदळाची भाकर, वांग्याची भाजी, लाखोरीच्या डाळीचं वरण, जवसाची चटणी, दुसऱ्या दिवशी पातोडीचा रस्सा जो खाऊन माह्या कानातून धूर निघाला. पण रात्री जेवण साडेनऊले भेटलं, लहान पोट्टं झोपून गेलं होतं, हे आधी सांगायले पाहिजे होतं.

आता खरी गोष्ट. येणाऱ्याचं नाव लिहाले एक जाड रजिस्टर आहे, ते मी चाळत बसलो. लॉकडाऊनच्या आधीची शेवटची नोंद १५ मार्च २०२०, पुण्याचे सहा जण. त्याच्या खालच्या ओळीपासून एकदम अक्षर बदलते अन लिहिलं आहे, मोहाची फुलं इतके किलो, मग तेंदूचे पुडे, मग धानाच्या बांधीतली मजुरी. चार पानं असंच. मग ऑक्टोबर, नागपूरचे चार जण, बाजूले टेंपरेचर सुद्धा लिहिलं आहे. कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, १ ऑक्टोबर २०२० ले उघडलं ना, तेव्हाचे ते.

काकू म्हणाली, "सिझनच मार्च ते जून राह्यते, पाणवठ्यावर वाघ दिसते म्हणून लोक येतेत, अन तेव्हाच कुलूप लागलं. पुढं पावसाचे तीन महिने कोअर तसंबी बंदच." म्हणजे सहा महिने गेले अन वर्षानं एप्रिलमध्ये दुसरी लाट, परत तोच सिझन. काकूच्या घरी चार एकर धान होतं, मोह होता, खोल्या घरच्याच, पगार कोणाले द्यायचा नव्हता, म्हणून टिकले. आमच्या सफारीच्या जिप्सीवाल्या भाऊचं तसं नव्हतं. त्यानं २०१९ मध्ये कर्ज काढून गाडी घेतली, रिझर्व्ह बँकेनं सहा महिने हप्ता थांबवू दिला पण व्याज चालूच, अन गाइड लोकांचं तं फेरीवरच असते, फेरी नाही तं पैसा नाही. मग सगळं गाव पहाटे मोह वेचाले जंगलात. वाघ काही लॉकडाऊनमध्ये नव्हता, भाऊ म्हणे, वाकून वेचणारा माणूस वाघाले जनावरावाणी दिसते. वरून एप्रिलात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स झूमधल्या वाघिणीले कोरोना निघाला, म्हणून जंगल उघडल्यावर तो उघड्या जिप्सीत मास्क घालून गाडी चालवे, स्वतःसाठी कमी अन वाघासाठी जास्त. हे सांगताना तो हसत होता, आम्ही बी हसलो, पण गाडीचे हप्ते २०२४ ले संपले म्हणे.

बाकी सकाळी काकूसंगं मोह वेचाले नक्की जा, परसातच दोन झाडं आहेत. फुलं दिसावी म्हणून लोक खाली पाला जाळतात तसं इथं नाही, जुन्या साड्या अंथरून ठेवतात, आगीची भानगड नाही. वासानं माणूस तिथंच आडवा व्हावं असं वाटते. मोहाचे लाडू विकत भेटतात, घ्या. वाघ आम्हाले दिसला नाही, रानकुत्रे दिसले, त्याचे मार्क मी काकूचे कापत नाही.

कापतो ते लाइटचे. रात्री दोन तास गेली, इन्व्हर्टर नाही, मच्छर अन अंधार, बायको अजून बोलते. मोबाईलले इंटरनेटची रेंज नाही म्हणून ऑनलाइन पेमेंट चालत नाही, नगद ठेवा. माणशी बाराशे, दोन वेळचं जेवण धरून, लहान पोट्ट्याचे अर्धे. मंगळवारी कोअर बंद राह्यते, त्या हिशोबानं जा.

पाचपैकी चार. अन रजिस्टरमध्ये नाव लिहिताना पान सोडू नका, काकू चिडते, मागची पानं तिनं मुद्दाम कोरी ठेवली आहेत, मोहासाठी.