तीन महिन्यांचं म्हणून दिलेलं पिल्लू सहा आठवड्यांचंही नव्हतं

बाबा गेल्यापासून कर्वेनगरच्या घरी आई एकटीच असते. शेजाऱ्यांची पर्शियन मांजर तिच्या मांडीवर येऊन झोपायची. "असं एखादं आपलं असावं," असं आई एकदा बोलून गेली आणि मी ते मनावर घेतलं.

दुकानातून घेऊ नका, घरी हौसेने मांजरं पाळणाऱ्यांकडून घ्या, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. तो सल्ला मला आजही चुकीचा वाटत नाही. धानोरीतल्या एका बाईंचा नंबर मिळाला. बोलायला फार गोड. "ताई, आमचा हा धंदा नाही. घरचीच बाळं आहेत, चांगल्या घरी दत्तक देतो," असं म्हणाल्या. दत्तक शुल्क १८,००० रुपये, त्यातले ५,००० आधी यूपीआयने. सेमी पंच फेस (म्हणजे थोडं चपटं तोंड), निळे डोळे, पूर्ण तीन महिन्यांचं, दोन्ही डोस झालेले. वंशावळीचा कागद 'क्लबकडून आला की' मिळणार होता. तो अजून आलेला नाही.

पिल्लू घ्यायला गेले तेव्हा त्यांनी मला वर बोलावलंच नाही. "मांजरीला नवीन पिल्लं झालीत, बाहेरच्या माणसांमुळे इन्फेक्शन होतं," म्हणाल्या. मला ते काळजीचं बोलणं वाटलं. पार्किंगमध्येच त्यांनी पिल्लू माझ्या हातात दिलं, सोबत लसीकरणाचं कार्ड. उरलेले १३,००० मी तिथेच उभी राहून पाठवले. पावती मागितली तर म्हणाल्या, "दत्तकाची कसली पावती, ताई?"

आईने त्याचं नाव कापूस ठेवलं. दोन दिवस ते नुसतं तिच्या पदरात तोंड खुपसून चोखायचं. आम्हाला ते लाडाचं वाटलं. खरं तर ते आईचं दूध शोधत होतं.

तिसऱ्या दिवशी त्याने खाणं सोडलं. पिवळ्या फेसाच्या उलट्या, मग पातळ शी. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसायचं, पण पाणी पीत नव्हतं. डॉक्टरांनी आधी वजन केलं, ५४० ग्रॅम. तीन महिन्यांचं पिल्लू साधारण किलोच्या पुढे असतं. त्यांनी तोंड उघडून पाहिलं, दाढा अजून पुऱ्या वर आल्या नव्हत्या. मी निळ्या डोळ्यांचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सहा-सात आठवड्यांपर्यंत सगळ्याच पिल्लांचे डोळे निळे असतात. हे जेमतेम साडेपाच आठवड्यांचं आहे."

मग त्यांनी कार्ड हातात घेतलं. लसीच्या बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर काढून कार्डावर चिकटवतात, ते कुठेच नव्हतं. शिक्का होता, पण त्यावर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नव्हता. पहिल्या डोसची तारीख चार आठवड्यांपूर्वीची. म्हणजे त्या दिवशी कापसाचे डोळेही धड उघडले नसतील. ही लस सहा ते आठ आठवड्यांच्या आधी सुरूच करत नाहीत आणि पुढे सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा देतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू होत नाही, म्हणून.

पॅनल्युकोपेनिया निघाला, मांजरांचा पार्व्हो, म्हणजे लहान पिल्लांचा जीव घेणारा विषाणूचा आजार. पांढऱ्या पेशी हजाराच्याही खाली. या विषाणूवर थेट औषध नाही, सलाईन आणि अँटिबायोटिक देऊन पिल्लाला तग धरायला लावायचं, एवढंच हातात असतं. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला दोन ते दहा दिवस जातात आणि आमच्या घरात याआधी कधीच मांजर पाळलेलं नव्हतं. ते बहुधा आजार घेऊनच आलं होतं. तीन रात्री मी आणि आई आलटून पालटून गरम पाण्याची पिशवी धरून बसलो. चौथ्या पहाटे ते आईच्या हातात गेलं.

बाईंना फोन केला तर, "तुम्ही काहीतरी चुकीचं खायला घातलं असेल," आणि लगेच नंबर ब्लॉक. आई अजून मला विचारते, "मी त्याला दूधभात दिला, त्याने तर नाही ना झालं?" पैशांपेक्षा मला याचाच जास्त राग येतो.

सगळं खोटं त्या एका वयात होतं. म्हणून पिल्लू घेताना वजनकाटा सोबत न्या, त्याला त्याच्या आईपाशी प्रत्यक्ष पाहा, कार्डावरच्या डॉक्टरला स्वतः फोन करा. उरलेले पैसे तुमच्या डॉक्टरांनी तपासल्यावरच द्यायचे, हे लेखी घ्या. समोरचा प्रामाणिक असेल तर रागावणार नाही. बारा आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडणारा माणूस हौशी कसला?

पोलीस चौकीत पहिला प्रश्न आला, "दत्तक घेतलं ना, मग विक्री कुठे झाली?" तेव्हा तो शब्द कशासाठी वापरला होता ते कळलं. यूपीआयच्या नोंदी, चॅट आणि डॉक्टरांनी वजन-वयासह लिहून दिलेला अहवाल जोडल्यावर अर्ज घेतला गेला. ग्राहक आयोगाचीही तयारी चालू आहे. हा विषाणू घरात वर्षभरही टिकतो, म्हणून फरशी पातळ केलेल्या ब्लीचने पुसतो आहोत. कापसाची टोपली जाळून टाकावी लागली.

गेल्या आठवड्यात माझ्या भावाने त्याच्या नंबरवरून त्या बाईंना विचारलं. "पांढरं पिल्लू आहे, तीन महिन्यांचं, दोन्ही डोस झालेत," असं त्या म्हणाल्या. पिल्लाची आई बघायला मिळेल का, असं त्याने विचारलं. उत्तर आलं, "वर नका येऊ दादा, मी खाली पार्किंगमध्ये घेऊन येते."