बिलीव्हच्या पोटातलं लाय आणि एक फुकटातली डिक्शनरी

सुरुवात एका फॉरवर्डपासून झाली. तुम्हालाही कधी ना कधी आलं असणार, मागे सूर्यास्त, पुढे पाठमोरा उभा माणूस आणि वर इंग्रजीत लिहिलेलं की बघा, 'बिलीव्ह'च्या पोटात 'लाय' म्हणजे खोटं आहे आणि 'फ्रेंड'च्या शेपटीला 'एंड' आहे, म्हणजे भाषेनंच आपल्याला आधी सावध केलंय वगैरे. माझ्या मित्राने ते ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं 'डीप आहे राव'. मी म्हटलं अरे अक्षरं जुळली म्हणून अर्थ जुळतो का, मग 'कागद'मध्ये 'काग' आहे म्हणून तो कावळ्यापासून आला म्हणायचं का. तर म्हणे, प्रूफ दे.

त्या प्रूफच्या नादात महिनाभर दोन गोष्टी वापरल्या. एक पैसे भरून घेतलेलं, शब्दांच्या गोष्टी सांगणारं ॲप, त्याचं नाव नाही लिहीत, उगाच वाद नको. दुसरी ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी, म्हणजे शब्द कुठून आले ते सांगणारी, जिला सगळे एटिमऑनलाइन म्हणतात, डग्लस हार्पर नावाच्या अमेरिकन माणसाने साधारण २००१ पासून उभी केलेली साइट. दोन्हीकडे मुद्दाम एकाच गल्लीतले शब्द शोधले, विश्वास, श्रद्धा, खोटं, थाप, ढोंग, संशय. बाकीच्या शब्दांचं माहीत नाही, हा रिव्ह्यू या गल्लीपुरताच धरा.

आधी बिलीव्ह, कारण भांडण त्याच्यावरूनच होतं. साइटवर शब्द टाकला आणि पहिल्या दोन ओळींतच मित्राचा निकाल लागला. जुन्या इंग्रजीत हा शब्द होता 'गेलीफन' असा काहीतरी, पुढचा 'गे' नंतर गळला आणि त्याच्या जागी 'बि' चिकटला. म्हणजे तुकडे पाडायचेच तर 'बि' आणि 'लीव्ह' असे पडतात, मधलं 'लाय' काढायला कात्री भलत्याच जागी चालवावी लागते. आणि हे 'लीव्ह' आलं कुठून, तर जिथून 'लव्ह' आला, जिथून जर्मनमधला 'लीब' म्हणजे लाडका आला, तिथून. विश्वास ठेवणं म्हणजे मुळात जवळचं मानणं, मोलाचं धरणं. मी खाली सरकवत गेलो तर त्याच मुळाशी संस्कृत 'लुभ्' धातू उभा! म्हणजे आपला लोभ. आता कोणी म्हणेल लोभ तर वाईट, पण आपण पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहितो तेव्हा काय समोरच्याला हावरट हो म्हणतो का, तिथे लोभ म्हणजे माया. ते वाचताना मला खरंच एकदम भारी वाटलं, कारण ही गंमत साइटने सांगितलेली नाही, ती मराठी माणसालाच दिसणार, साइटने फक्त दार उघडून दिलं.

आणि 'लाय'? तो वेगळाच, जुन्या इंग्रजीत 'लेओगन', जर्मनमध्ये आजही 'ल्यूगन'. त्याचं बिलीव्हशी रक्ताचं नातं शून्य. गंमत म्हणजे आडवं पडणं या अर्थाचा 'लाय'सुद्धा त्याचा कोणी नाही, तोही तिसऱ्याच घरचा. नुसते आवाजाने सारखे झालेत, एका आडनावाची माणसं असतात तसे.

ॲपचा दावा असा की रोज एक शब्द, दोन मिनिटांची गोष्ट, मागे मंद पियानो. आवाज छान आहे, चित्रं छान आहेत, हे मान्य करायलाच हवं. पहिल्याच आठवड्यात 'सिन्सिअर' आला. गोष्ट अशी की रोममधले लबाड शिल्पकार संगमरवराच्या भेगा मेणाने बुजवायचे, मग प्रामाणिक शिल्पकार आपल्या मूर्तीवर 'सिने सेरा', म्हणजे 'मेणाशिवाय', असं लिहायचे, म्हणून सिन्सिअर म्हणजे प्रामाणिक. ऐकून मी खुश, दोघातिघांना सांगूनही टाकलं. मग सहज साइटवर बघितलं तर तिथे ही मेणाची गोष्ट चक्क निराधार म्हणून उडवून लावलेली. लॅटिन 'सिन्सेरस'चा अर्थ स्वच्छ, भेसळ नसलेला, अख्खा, आणि त्याची फोड बहुधा 'एकाच वाढीचं' अशी, म्हणजे ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही असं. म्हणजे प्रामाणिकपणा या शब्दाबद्दलच मी पैसे देऊन थाप विकत घेतली होती आणि वर ती वाटतही सुटलो होतो. ॲपवाल्यांना लिहिलं तर उत्तर आलं की आमच्या गोष्टी 'प्रेरणादायी' असतात. असतात बाबा, प्रेरणा तर त्या सूर्यास्तवाल्या फॉरवर्डमध्येही होती.

खोट्याच्या शब्दांभोवतीच अशा गोड गोष्टी जास्त चिकटतात असं माझं आता मत झालंय. जादूगारांचा 'होकस पोकस' घ्या. लॅटिन प्रार्थनेत पाद्री ब्रेड उचलून 'होक एस्ट कॉर्पस' म्हणायचा, म्हणजे 'हे शरीर आहे', त्याची टिंगल म्हणून जादूगारांनी होकस पोकस केलं, ही गोष्ट सतराव्या शतकाच्या शेवटापासून फिरतेय. ॲपने ती छातीठोकपणे सांगितली. प्रत्यक्षात तो एक तर्क आहे, सिद्ध कोणी केलेलं नाही. त्या होकसवरून पुढे 'होक्स', म्हणजे फसवाफसवी, आला असावा, इथेही 'असावा'च.

आणि इथेच साइटला माझे सगळ्यात जास्त मार्क. ती 'माहीत नाही' म्हणते. 'फेक' या शब्दाचं मूळ माहीत नाही, लंडनच्या चोरांच्या बोलीतून अठराव्या शतकाच्या शेवटाकडे वर आला एवढंच सांगता येतं. 'हंबग', म्हणजे थोतांड, १७५०च्या आसपास अचानक सगळ्यांच्या तोंडी आला, कुठून आला पत्ता नाही. 'बोगस', जो आपण मराठीतही इतका वापरतो की तो आपलाच वाटतो, तो १८२७च्या सुमारास अमेरिकेत खोटी नाणी पाडायच्या यंत्राला म्हणायचे, पण त्या यंत्राला ते नाव का पडलं त्यावर नुसते अंदाज. म्हणजे बघा, बनावट गोष्टींना नाव देणारे हे तिन्ही शब्द स्वतःच बिनकागदपत्रांचे. सुरुवातीला मला वैताग आला, असं काय, डिक्शनरी आहेस ना मग सांग की. चार दिवसांनी मात्र उलटं झालं, जिथे 'मूळ अज्ञात' दिसायचं तिथे बाकीच्या पानांवरचा भरवसा वाढायला लागला.

पक्का कागद असलेली गोष्टही या गल्लीत आहे, फक्त एखादीच. 'बंक', म्हणजे वायफळ बकवास. नॉर्थ कॅरोलायनात बंकम नावाची काउंटी आहे, तिथला खासदार फेलिक्स वॉकर १८२०मध्ये अमेरिकन काँग्रेसमध्ये बोलायला उभा राहिला, विषय होता मिझुरी राज्याचा, सगळे ओरडत होते बस कर, मतदान घ्या, तर हा म्हणाला मला बंकमसाठी बोलायचंच आहे. म्हणजे ऐकणाऱ्यांसाठी नाही, घरच्या मतदारांना दाखवायला. तेव्हापासून पोकळ भाषणाला बंकम, त्याचं झालं बंक, आणि १९२३मध्ये विल्यम वुडवर्ड नावाच्या लेखकाने त्यातून 'डीबंक' काढला. आज कोणतीही अफवा खोडली की डीबंक केली म्हणतात, त्यामागे एक कंटाळवाणं भाषण आहे.

आता माझा सगळ्यात आवडता शोध, आणि तो ॲपमध्ये नव्हताच. 'सूद'. शांत करणं, दिलासा देणं या अर्थाचा. याच्या मागे 'सूथ' म्हणजे सत्य असा जुना शब्द आहे, भविष्य सांगणाऱ्याला सूथसेअर म्हणतात त्यातला, आणि तो ज्या मुळापासून निघाला त्याच मुळापासून आपलं 'सत्' आणि 'सत्य'. मग सूदचा आधीचा अर्थ काय, तर एखादी गोष्ट खरी आहे हे दाखवून देणं. तिथून घसरला 'तू म्हणतोस ते खरंय' असं म्हणणं यावर, मग समोरच्याची हांजी हांजी करणं, आणि सतराव्या शतकाच्या शेवटी पोचला शांत करणं इथपर्यंत. म्हणजे सत्य सिद्ध करण्यापासून निघालेला शब्द 'हो हो तुझंच बरोबर' करत करत थोपटण्यावर येऊन बसला! हे मी रात्री अंथरुणात मोबाईलवर वाचलं आणि झोप गेली.

श्रद्धेचंही तसंच. लॅटिन 'क्रेडो' म्हणजे मी मानतो, आणि आपली 'श्रद्धा', ही दोन्ही एकाच जुन्या जोडशब्दाची पोरं मानली जातात, अर्थ साधारण 'हृदय ठेवणं'. श्रत् आणि धा. त्या क्रेडोपासून इंग्रजीत क्रीड, क्रेडिट, क्रेडिबल. म्हणजे क्रेडिट कार्ड हे तसं बघितलं तर श्रद्धा कार्डच, फक्त बँकेची श्रद्धा महिनाअखेरीपर्यंतच टिकते. 'मिसक्रिअंट' पण यातलाच, आज त्याचा अर्थ बदमाश, पण आधी नुसता 'चुकीचं मानणारा', परधर्मी. माणूस वेगळं काही मानतो एवढ्यावरून तो गुंड ठरला, शब्दानेच ठरवलं. 'हेरेटिक' म्हणजे पाखंडी, त्याच्या मुळाशी ग्रीकमध्ये फक्त 'निवड' आहे. स्वतः निवडलं हाच गुन्हा. आणि 'हिपोक्रिट' म्हणजे ग्रीक नाटकातला नट, त्यात काहीच वाईट नव्हतं, बिचारा स्टेजवर काम करायचा.

'सुपरस्टिशन'वर साइट जरा घोटाळते, म्हणजे तिचा दोष नाही, शब्दच तसा. लॅटिनमध्ये शब्दशः 'वर उभं राहणं', पण कशाच्या वर हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. रोमन लेखक सिसेरोचं म्हणणं की आपली मुलं आपल्यामागे जिवंत राहावीत म्हणून दिवसभर देवासमोर बसणारे ते अंधश्रद्धाळू, कारण मागे उरणाऱ्याला लॅटिनमध्ये 'सुपरस्टेस' म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूसही व्युत्पत्ती जुळवत बसलेला, आणि आपण फॉरवर्डला हसतो.

'डाउट'मधल्या मुक्या 'बी'बद्दल एक वाक्य, नाहीतर राहून जाईल. फ्रेंचमधून आला तेव्हा तो बी नव्हता, कोणी उच्चारतही नव्हतं, मागाहून विद्वानांनी लॅटिनचा थाट आणायला घुसवला. मुळात मात्र 'दोन' आहे, मन दोन ठिकाणी असणं, अगदी आपल्या 'द्विधा'सारखं, आणि जर्मनमध्येही संशयाच्या शब्दात दोनच आहे.

आता तक्रारी, कारण फुकट आहे म्हणून सगळंच गोड नाही. एक तर मजकूर दाट आहे, एकाच परिच्छेदात सहा भाषा, ब्रॅकेट, तारीख, परत ब्रॅकेट, मोबाईलवर डोळे दुखतात. संस्कृत शब्द रोमन लिपीत, त्यामुळे आपलाच शब्द ओळखायला दोनदा वाचावं लागतं. आणि ते तारांकन! जुन्या मुळांपुढे एक चांदणी असते, नव्या माणसाला वाटतं काहीतरी विशेष. अर्थ उलटा आहे, चांदणी म्हणजे हा शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, नंतरच्या भाषा शेजारी शेजारी ठेवून अभ्यासकांनी तो मागे जाऊन उभा केलाय. म्हणजे वर मी लोभ आणि श्रद्धा बद्दल जे छाती फुगवून लिहिलं त्याच्या अगदी तळाशी चांदणीवालेच शब्द आहेत, तर्क मजबूत आहे पण दगडावर कोरलेला पुरावा नाही. हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरं, प्रत्येक विधानाला तिथल्या तिथे पुरावा हवा असेल तर ही साइट पुरत नाही. त्यासाठी ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी, जिचा पहिला भाग १८८४मध्ये आला आणि शेवटचा १९२८मध्ये, तिथे प्रत्येक अर्थाखाली जुन्या लिखाणातली वाक्यं सालासकट असतात. पण ती पूर्ण वापरायला वर्गणी लागते किंवा एखाद्या लायब्ररीचं लॉगिन. रोजच्या कुतूहलाला एटिमऑनलाइन, भांडण कोर्टात नेण्याइतकं तापलं तर ऑक्सफर्ड.

तर एटिमऑनलाइनला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या डोळेदुखीचा कापला. ॲपला दीड, तेही आवाजाला. वर्गणी रद्द केली, पियानो अधूनमधून आठवतो.

मित्राला सगळं टाइप करून पाठवलं होतं, बिलीव्हमध्ये लाय नाही, उलट लव्हचा भाऊबंद आहे, आणि आपला लोभही त्यातलाच. त्याने अंगठा दाखवला. परवा दुसऱ्याच ग्रुपवरून मला नवा फॉरवर्ड आलाय, तोच सूर्यास्त, तोच पाठमोरा माणूस, आणि वर लिहिलंय: 'बिलीव्ह हा शब्द संस्कृतमधल्या लोभ या शब्दापासून आला आहे, म्हणून विश्वास ठेवणारा प्रत्येक माणूस मनातून लोभी असतो.' खाली कोणीतरी लिहिलंय, डीप.