बारा अंड्यांचं उबवणी यंत्र: २१ दिवस वापरून

एकतीस वर्षं मी बी.एस्सी.च्या मुलांना कोंबडीच्या गर्भाच्या काचपट्ट्या दाखवल्या. ३३ तासांचा, ४८ तासांचा, ७२ तासांचा. बोरॅक्स कार्मिननं गुलाबी झालेले, कायमचे थांबलेले गर्भ. ‘हे बघा, हे हृदय’ असं मी म्हणायचे आणि मुलं ते वहीत काढायची. तेच हृदय, अंडं न फोडता, चालू असताना पाहायचं माझ्या मनात फार दिवस होतं. निवृत्तीनंतर हे यंत्र घेतलं ते त्यासाठी. पिल्लं विकण्यासाठी घेणाऱ्यांनी माझं मत हे लक्षात ठेवून वाचावं.

किंमत ३,२०० रुपये. वर पारदर्शक झाकण, त्यात छोटा पंखा, खाली पाण्यासाठी दोन पन्हळी, अंडी आपोआप फिरवणारा ट्रे आणि कडेला अंडं धरून बघायचा एलईडी दिवा.

अंडी घालण्याआधी दोन दिवस यंत्र रिकामं चालवा, हे पहिलं सांगते. आकडा ३७.५ अंश दाखवत होता. मी घरातला तापाचा थर्मामीटर चारही कोपऱ्यांत ठेवून पाहिला, तर हीटरजवळ ३८.३ भरले. हा फरक लहान नाही. थोडा वेळ गार झालं तर गर्भाची वाढ मंदावते, बहुतेकदा तो तग धरतो. जास्तीची उष्णता मात्र त्याला सोसत नाही. मी तापमान अर्ध्या अंशानं उतरवलं आणि रोज अंड्यांच्या जागा बदलल्या. सोबतच्या कागदावर यातलं काहीही लिहिलेलं नाही, याचा मला खरंच राग आला.

दमटपणा मोजायची सोयही यात नाही. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरला. कवचाच्या छिद्रांतून पाणी उडून जातं आणि १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ टक्के उतरावं लागतं, तरच आत हवेची पोकळी पुरेशी होते. माझी गावरान अंडी ४५ ग्रॅमची. सातव्या दिवशी दोन ग्रॅम उतरायला हवे होते, उतरला होता एकच. म्हणजे पाणी जास्त होत होतं. एक पन्हळ कोरडी ठेवली, मग गाडी रुळावर आली.

अंडी शेजारच्या गावातल्या एका ताईंकडून आणली. त्यांच्या कळपात कोंबडा आहे, आणि अंडी पाच दिवसांहून जुनी नव्हती. फ्रिजमधली चालत नाहीत.

आता ज्यासाठी हे सगळं केलं ते. चौथ्या रात्री दिवे मालवले, नातीला जवळ घेतलं आणि पहिलं अंडं दिव्यावर धरलं. तांबूस उजेडात कोळ्याच्या पायांसारख्या रक्तवाहिन्या पसरलेल्या, मधे डोळ्याचा काळा ठिपका आणि त्याच्याशेजारी एक बारीकशी उडी. पुन्हा उडी. पुन्हा. हे हृदय दुसऱ्याच दिवशी आकुंचू लागतं, रक्त वाहायला लागण्याच्याही आधी. मी हे वाक्य शेकडो वेळा फळ्यावर लिहिलं असेल. अ‍ॅरिस्टॉटलनं तीन दिवसांनंतरच्या अंड्यात हाच उडणारा लाल ठिपका पाहून नोंदवला होता, पण त्याला अंडं फोडावं लागलं होतं. माझ्या हातातलं अंडं मी अलगद परत ट्रेमध्ये ठेवलं. माझे डोळे भरून आले होते.

सातव्या दिवशी दोन अंडी कोरी निघाली, ती फळलीच नव्हती. तिसऱ्यात रक्ताचं कडं दिसलं. ‘आजी, हे मेलं का गं?’ नातीनं विचारलं. हो म्हटलं. तिनं ते स्वतः परसात पुरलं.

नवव्या दिवशी तीन तास वीज गेली. यंत्रात बॅटरीची सोय नाही. झाकण न उघडता वर गोधडी टाकली, नऊच्या नऊ जगली.

अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबवायचं असतं. ट्रेला वेगळं बटण नाही, वायर उपसावी लागते. दोन्ही पन्हळी तेव्हा पुन्हा भरल्या. विसाव्या दिवशी दुपारी बंद अंड्यातून चिवचिव ऐकू आली. पिल्लानं हवेच्या पोकळीत चोच घातली होती आणि फुप्फुसांनी श्वास सुरू केला होता. तोवर त्याचं श्वसन कवचालगत पसरलेल्या रक्तवाहिन्यांतून चालतं. कवचाला पहिला तडा गेल्यावर पिल्लू बाहेर यायला पंधरा-सोळा तास लागले. झाकण उघडून मदत करू नका, आतली पातळ त्वचा सुकते आणि पिल्लू चिकटून बसतं. खायला घालायचीही घाई नको. उरलेला बलक त्यानं पोटात ओढून घेतलेला असतो, त्यावर दोन दिवस निघतात.

आठ पिल्लं निघाली. नववं अंडं मी तेविसाव्या दिवशी उघडलं. पिल्लू पूर्ण वाढलेलं होतं, पण डोकं निमुळत्या टोकाकडे, हवेच्या पोकळीच्या उलट बाजूला. त्यात यंत्राचा दोष मी धरत नाही.

तापमानातला फरक आणि ट्रेचं बटण यांसाठी एक तारा कापते, चार देते. एलईडी फिकट अंड्यांना पुरतो. तपकिरी अंडी असतील तर चांगली टॉर्च वेगळी घ्या. शाळा-महाविद्यालयांनी असं एक यंत्र प्रयोगशाळेत जरूर ठेवावं, आणि पिल्लं कुणाकडे द्यायची ते आधी ठरवावं. आमची आठही त्याच ताईंकडे गेली. त्यांनी ती रात्री अंधारात खुडूक कोंबडीच्या पंखाखाली सारली, सकाळी ती त्यांना घेऊन अंगणात चरत होती.