बारा भोकांचं हायड्रोपोनिक किट: आधी पाणी तपासा, मग ऑर्डर करा

मातीशिवाय भाजी लावायचं हे किट मी ऑनलाइन मागवलं, वाघोलीतल्या आमच्या फ्लॅटच्या पूर्वेकडच्या बाल्कनीसाठी. नोकरीची सगळी वर्षं कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट म्हणून गेली. त्यामुळे खोकं उघडल्यावर बियांकडे नंतर बघितलं, आधी खताच्या पुड्यांवरची लेबलं वाचून काढली.

आत वीस लिटरचा पांढरा डबा आहे, झाकणाला बारा भोकं, त्यात बसणारे जाळीचे कप, कोकोपीटच्या वड्या, ए आणि बी अशी दोन खतं, पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे ते) तपासायची थेंबांची बाटली, हवेचा छोटा पंप आणि बियांची पाकिटं. दीड हजाराच्या आत एवढं मिळतंय, म्हणजे किंमत वाजवी आहे. पण ज्या वस्तूवर सगळं अवलंबून आहे ती यात नाही, ती म्हणजे टीडीएस मीटर, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं. पेनसारखं मिळतं, मोठ्या शेतालाच नव्हे, घरच्या डब्यालाही ते लागतंच. किटसोबतच मागवा.

का, ते सांगते. आमच्या सोसायटीत दोन तऱ्हेचं पाणी येतं, महापालिकेचं आणि टँकरचं. महापालिकेच्या पाण्यात मीटर शंभराच्या आत थांबतं. टँकरचं बोअरचं पाणी असेल तर साडेसहाशेच्या वर जातं. पालेभाजीला खत घातल्यावर पाण्याचा टीडीएस साधारण ६०० ते ९०० हवा, कोवळ्या रोपांना त्याच्या निम्माच. आता टँकरचं पाणी आधीच तिथे पोचलेलं असेल, तर त्यात खत घालायला जागाच उरत नाही. जे क्षार आहेत ते बहुतेक झाडाच्या उपयोगाचे नाहीत, आणि उपयोगाचे घातले की पाणी खारट होऊन पानांच्या कडा करपतात. माहितीपत्रकात फक्त ‘स्वच्छ पाणी घ्यावे’ एवढंच छापलंय. दिसायला दोन्ही पाणी स्वच्छच असतं! पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी धरता आलं तर सोन्याहून पिवळं. आणि एक कळकळीची विनंती, आरओ मशीनच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी ‘वाया जातंय’ म्हणून यात वापरू नका. मशीनने गाळलेले सगळे क्षार त्यातच असतात.

खतं मात्र चांगली आहेत, मनापासून सांगते. ए मध्ये कॅल्शियम नायट्रेट आणि चिलेटेड (पाण्यात विरघळलेलंच राहील असं बांधलेलं) लोह, बी मध्ये फॉस्फेट, सल्फेट आणि बाकीचं. दोन पुड्या का, असं शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा मी त्यांच्यासमोर दोन्हींची दाट द्रावणं करून एकाच काचेच्या ग्लासात ओतली. बघता बघता ताकासारखं पांढरं झालं आणि तळाशी साका बसला. कॅल्शियमची सल्फेट-फॉस्फेटशी गाठ पडली की असं होतं, आणि तळाशी बसलेलं ते खत मुळांना मिळत नाही. म्हणून आधी डबाभर पाण्यात ए ढवळायचं, ते पुरतं मिसळलं की मग बी.

पीएचची बाटली कामाची आहे. ५.५ ते ६.५ च्या मध्ये रहायला हवं, म्हणजे थेंब टाकल्यावर रंग पिवळसर दिसला पाहिजे. निळ्याकडे झुकला तर समजा, लोह पाण्यात असूनही झाडाला घेता येणार नाही. नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, अशी खूण दिसते. लिंबू पिळून पीएच उतरतो, पण थोड्या दिवसांत परत चढतो. फॉस्फोरिक ॲसिडचं सौम्य द्रावण घ्या आणि थेंबाथेंबाने घाला.

डब्याबद्दल माझी तक्रार आहे. प्लास्टिक पातळ आहे. रिकामा डबा खिडकीशी धरून आत हात घातला, तर बोटांची सावली बाहेरून स्पष्ट दिसते. म्हणजे उजेड आत जातो, आणि खताच्या पाण्यात उजेड गेला की शेवाळ आलंच. मी बाहेरून काळा कागद आणि त्यावर चंदेरी फॉइल लावलंय. फॉइलमुळे उन्हात पाणीही कमी तापतं. रिकाम्या भोकांना बूच दिलेलं नाही, हे तर चालवून घेऊ नये. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. मी भोकं थर्माकोलच्या चकत्यांनी बंद केली.

पत्रकात पाणी नेहमी वरच्या रेघेपर्यंत भरा म्हणतात. पंप चालू असेल तोवर ठीक. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, तेव्हा काठोकाठ पाण्यात मुळांना हवा मिळत नाही. हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकी यांची पद्धत पंपाशिवायच चालते. रोप लहान असताना पाणी कपाच्या बुडाला लागेल इतकं ठेवायचं, आणि मुळं वाढतील तसं ते खाली जाऊ द्यायचं. वरची मुळं मोकळ्या हवेत राहून श्वास घेतात, खालची पाणी ओढतात. झाकण उचलून बघा, वरच्या मुळांवर बारीक पांढरी लव दिसते. ती दिसू लागली की पाणी पुन्हा वरपर्यंत भरायचं नाही, ती मुळं बुडाली तर रोप मान टाकतं. मी आता असंच करते, पंप फक्त मे महिन्याच्या उकाड्यात लावते.

बिया लेट्यूस, बेसिल आणि पाकचॉय या चिनी पालेभाजीच्या दिल्यात. लेट्यूस दिवाळीनंतर लावा, छान येतं. एप्रिलमध्ये लावलं तर दांडा वर काढतं आणि पानं कडू होतात. मी पाकिटं बाजूला ठेवून घरचं लावलं. पुदिन्याची काडी पाण्यात मुळं फुटल्यावर कपात खोचली, त्याच्याइतकं सोपं काही नाही. कोथिंबिरीचे धणे रगडून दोन फाका केले. उगवायला आठवडा-दीड आठवडा घेते, धीर धरा. पालक थंडीत उत्तम. मेथीसाठी हे भोक अडवू नका, ती कुंडीतल्या मातीत फुकट येते.

पुड्या संपल्यावर त्याच कंपनीच्या रिफिलची किंमत जरा टोचते. म्हणून कृषी सेवा केंद्रातून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) आणावं असं पुष्कळ जण सुचवतात. तसं करू नका. त्यातल्या नत्राचा निम्म्याहून जास्त भाग युरिया असतो. मातीतले जिवाणू युरियाचं रूपांतर करून देतात, डब्यातल्या पाण्यात ती सोय जवळपास नाही. दुसऱ्या कुठल्याही कंपनीची ए-बी जोडी चालेल, फक्त लेबलवर कॅल्शियम नायट्रेट आणि चिलेटेड लोह लिहिलंय ना, तेवढं वाचून घ्या.