सीनियर लिव्हिंगमध्ये वर्ष होत आलं, पार्किन्सन्स असलेल्या नवऱ्यासोबत राहून आलेला अनुभव

डोंबिवलीचा बिनलिफ्टचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही दोघं पुण्याजवळ तळेगावच्या बाजूला एका सीनियर लिव्हिंगमध्ये, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या वसाहतीत, राहायला आलो, त्याला आता वर्ष होत आलं. हे ७६ चे, मी ७२. यांना पार्किन्सन्स आहे, मेंदूचा आजार, हात थरथरतात आणि हालचाली मंदावत जातात. मुलगा जर्मनीत, मुलगी ठाण्याला, तिची नोकरी आणि नातवाची दहावी. यायच्या आधी मी नेटवर भरपूर शोधलं होतं पण सगळीकडे जाहिरातीतलेच फोटो, स्विमिंग पूल आणि हसणारे आजीआजोबा, प्रत्यक्ष राहिलेल्या माणसाने मनापासून लिहिलेलं फार थोडं सापडलं. म्हणून सविस्तर लिहितेय. जागेचं नाव लिहीत नाही, चांगलं वाईट दोन्ही मोकळेपणाने लिहायचंय आणि इथे अजून राहायचंय.

आधी सगळ्यात महत्त्वाचं, जेवणघर. रूम बघताना आपण बाल्कनी बघतो, बाथरूम बघतो, पण तब्येत सुधारते की बिघडते ते जेवणाच्या टेबलावर ठरतं हे माझं ठाम मत झालंय. सुरुवातीला आम्ही डबा रूमवरच मागवायचो, कारण यांचा हात थरथरतो, आमटी सांडते, चारचौघांत यांना ते नको वाटायचं. डोंबिवलीत शेवटची दोनेक वर्षं यांचं लग्नाला मुंजीला जाणंच बंद झालं होतं त्याचं कारणही तेच. इथे बेळगावच्या एक काकू आहेत, त्या एकदा दारात आल्या आणि म्हणाल्या, आमच्या टेबलावर दोन खुर्च्या रिकाम्या आहेत, उद्यापासून तिथं बसायचं. विचारलं नाही, सांगितलंच. त्याच टेबलावर एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आहेत, त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेलाय, ते डाव्या हाताने जेवतात, तेही सांडतं, कोणी बघतसुद्धा नाही. किचनवाल्या मावशींनी आपणहून यांच्यासाठी उभ्या काठाचं जड ताट काढून ठेवलं आणि वाटीऐवजी कानाचा मोठा मग. आता हे तासभर टेबलावर बसून असतात, मलाच उठा म्हणावं लागतं.

पार्किन्सन्सवाल्या घरांसाठी थोडं जास्त लिहिते कारण ही माहिती शोधताना मी स्वतः दमले होते. यांची मुख्य गोळी लेव्होडोपाची, ती जेवणाआधी अर्धा तास तरी घ्यायची असते, आणि जास्त प्रोटीनचं जेवण सोबत झालं की गोळी नीट लागू पडत नाही कारण आतड्यात दोघं एकाच वाटेने शोषले जातात. आमच्या डॉक्टरांनी दुपारी डाळ उसळ कमी आणि रात्री जास्त असं सांगितलंय (हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनाच विचारा, स्वतःच्या मनाने बदल करू नका). आता मेसमध्ये एका माणसासाठी असं कोण करणार वाटलं होतं, पण मॅनेजर ताईंनी कागद मागून घेतला, किचनच्या भिंतीवर चिकटवला, आणि दुपारच्या जेवणाला उशीर होणार असेल तर आता गोळीच्या आधी रूमवर फोन येतो. पहिले दोन महिने येत नव्हता, मी मागे लागून लागून सुरू करून घेतला. इथे सगळं मागे लागल्यावर होतं पण होतं, एवढं मी म्हणेन.

दुसरं म्हणजे पाय अडकणं. चालता चालता दाराच्या उंबऱ्यापाशी किंवा अरुंद जागेत यांचे पाय एकदम जमिनीला चिकटल्यासारखे होतात, वरचं अंग पुढे जातं आणि पाय मागेच, पडायची भीती तिथेच सगळ्यात जास्त. अशा वेळी हात धरून ओढायचं नसतं. जमिनीवर आडवी रेघ दिसली की ती ओलांडायला पाऊल उचललं जातं, म्हणून फिजिओने जेवणघराच्या दारात पिवळ्या टेपच्या पट्ट्या एकेका पावलाच्या अंतराने लावल्या. सफाईवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी त्या खरवडून काढल्या, त्यांना काय माहीत. मग मेंटेनन्सच्या दादांना समजावून सांगितलं, त्यांनी परत लावल्या आणि लिफ्टच्या दारात, आमच्या बाथरूमसमोर पण लावून दिल्या. गेटवरचे वॉचमन फौजेतून रिटायर झालेत, ते यांना अडकलेलं बघितलं की लांबूनच "डावा, उजवा, डावा, उजवा" असा ठेका धरतात आणि हे खरंच चालायला लागतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ म्हणून पेशंट आणि घरच्यांचा स्वमदत गट आहे, अशा घरांनी त्यांच्याशी जरूर जोडून घ्या, एकट्याने हे निभावत नाही.

बोलणंही पुटपुटल्यासारखं झालं होतं, मोठ्याने बोलायची सवय ठेवा असं सांगितलेलं. घरात मी आणि हे दोघंच, मोठ्याने बोलणार तरी किती? इथे संध्याकाळी भजन असतं, हे काही देवदेव करणारे नाहीत, आधी नुसते टाळ घेऊन बसायचे, आता गजर सुरू झाला की आवाज माझ्यापर्यंत ऑफिसच्या व्हरांड्यात येतो.

अ‍ॅक्टिव्हिटीजची यादी सगळीच ठिकाणं दाखवतात, योगा, तंबोला, बर्थडे, सिनेमा. त्या होतात, छान असतात, पण खरं सांगू का, माणसाला करमणुकीपेक्षा काम लागतं. आयुष्यभर ज्यांनी घर, ऑफिस, शाळा चालवली त्यांना नुसतं टाळ्या वाजवायला बसवलं की ती आतून मिटत जातात, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आमच्या इथे रहिवाशांची कमिटी आहे आणि तिने कामं वाटून घेतलीत. हे वीज मंडळात होते, तर जनरेटरच्या डिझेलची आणि मीटर रीडिंगची वही यांच्याकडे. या आजारात अक्षर बारीक बारीक होत जातं, म्हणून मी दुहेरी रेघांची पहिलीच्या मुलांची वही आणली, त्यात हे मोठ्या अक्षरात आकडे लिहितात, इलेक्ट्रिशियन मुलगा रोज सकाळी येऊन "साहेब, आज किती?" विचारतो. त्या एका "साहेब"साठी हे वेळेत अंघोळ करून तयार असतात! मी पोस्टात होते, माझ्याकडे फॉर्म आणि कागदपत्रं आली. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांचा मोठा कार्यक्रमच असतो, आता मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण निघतं त्यामुळे बँकेत नेऊन रांगेत उभं करावं लागत नाही, आणि केंद्राच्या पेन्शनवाल्या ८० च्या पुढच्यांना तर १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य योजनेचं ५ लाखांचं कव्हर मिळतं, २०२४ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालंय, तरी निम्म्या लोकांनी कार्ड काढलेलंच नव्हतं. ते आम्ही बसून काढून दिले. ७५ च्या वर एसटी फुकट, बायकांना अर्धं तिकीट, म्हणून आम्ही आठजण एसटीने देहूला जाऊन आलो. संस्थेची बस होती पण एसटीनेच जायचं हा ड्रायव्हर काकांचा हट्ट, आणि कंडक्टरने त्यांना ओळखलं तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होता.

जेवणाबद्दल भांडणं रोजची, ते गृहीत धरा. नागपूरकरांना तिखट हवं, पुणेकरांना आमटीत गूळ, आमच्या कोकणातल्या बहिणाबाईंना ओल्या खोबऱ्याशिवाय भाजी म्हणजे शिक्षा. भात इंद्रायणीचा, मावळातलाच, वास सुंदर पण चिकट, त्यावरून कमिटीच्या मीटिंगमध्ये एकदा आवाज चढले. चातुर्मासात कांदालसूण नको म्हणणारे वेगळे. आता आठवड्यातून एक दिवस एकेका भागाचं जेवण असतं आणि ज्यांचं ते घर त्यांनी किचनमध्ये उभं राहून सांगायचं. त्या दिवशी ज्या काकू एरवी गुडघे धरून बसतात त्या दोन तास ओट्यापाशी उभ्या असतात. चपात्या मात्र रात्रीच्या अजूनही वातड येतात, दात नसलेल्यांचे हाल होतात, हे सुधारलेलं नाही.

पैशाचं स्पष्ट लिहिते. आम्ही विकत घेतलेलं नाही, डिपॉझिट देऊन राहतोय, महिन्याला दोघांचं जेवणासकट ६० हजारांच्या आसपास जातं. त्यात औषधं, फिजिओ, डायपर, मदतनीस बाई काही धरलेलं नाही, त्याचं बिल वेगळं. दरवर्षी वाढ आहे, ती अ‍ॅग्रीमेंटमध्ये बारीक अक्षरात असते. माझं आणि यांचं पेन्शन, फ्लॅटचं भाडं मिळून जमतंय. सगळ्यांना परवडणारं हे नाही आणि याचं मला वाईट वाटतं, कारण ज्या एकट्या बायकांना याची खरी गरज आहे त्यांच्या नावावर बहुतेक वेळा ना पेन्शन असतं ना घर.

आता वाईट अनुभव. पावसाळ्यात एका रात्री यांना ताप भरला, बडबडायला लागले, मी बेडजवळची घंटा दाबली. रात्री पूर्ण कॅम्पसला एकच नर्स, ती दुसऱ्या बिल्डिंगमध्ये ऑक्सिजन लावत होती, यायला बराच वेळ लागला, आणि अ‍ॅम्ब्युलन्स गेटवर उभी असून ड्रायव्हर नव्हता. शेवटी शेजारच्या खोलीतले सर, स्वतः ७४ चे, गाडी काढून आम्हाला हॉस्पिटलला घेऊन गेले. युरिन इन्फेक्शन निघालं, चार दिवसांत बरे झाले, पण ती रात्र मी विसरणार नाही. "२४ तास वैद्यकीय सेवा" असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ नीट विचारून घ्या. रात्री किती नर्स, ड्रायव्हर आवारातच झोपतो का, जवळचं आयसीयू असलेलं हॉस्पिटल किती मिनिटांवर, आणि ही उत्तरं मार्केटिंगच्या मुलाकडून नको, राहणाऱ्यांकडून घ्या.

याहून मोठा प्रश्न, आजार वाढला तर काय? बऱ्याच ठिकाणी अट असते की माणूस स्वतःचं स्वतः करू शकतो तोपर्यंतच राहता येईल. स्मृतिभ्रंश झाला, अंथरुणाला खिळला की दुसरीकडे हलवा. आमच्याकडे वेगळा केअरचा मजला आहे म्हणून आम्ही ही जागा घेतली, पण तिथे मोजकेच बेड आहेत. महारेराने (गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम काढलेत, रुंद दारं, बाथरूममध्ये धरायला दांडे, न घसरणाऱ्या लाद्या वगैरे, ते बांधकामाचं झालं, ते जरूर तपासा. पण तुम्हाला उचलून बसवणारं माणूस कोण आणि किती वर्षं, ते कागदावर तुम्हालाच मागून घ्यावं लागतं.

आणि इथे मृत्यू होतात. वर्षभरात आमच्या मजल्यावरचेच तीन गेले. आधी ऑफिस काही कळवायचंच नाही, म्हणे बाकीचे घाबरतील, मग एक दिवस नाश्त्याला खुर्ची रिकामी आणि कुजबुज. यावर कमिटीने खूप आग्रह धरला, आता बोर्डावर फोटो आणि फुलं ठेवतात, संध्याकाळी भजनाच्या आधी ज्यांना बोलायचंय ते बोलतात. घाबरलं कोणी नाही, उलट धीर आला, कारण आपणही असेच आठवले जाऊ हे कळलं. त्यानंतरच एका वकील बाईंना बोलावून लिव्हिंग विलची माहिती घेतली, म्हणजे बरं व्हायची आशा उरली नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचं. सुप्रीम कोर्टाने २०१८ ला परवानगी दिली होती पण पद्धत फार किचकट होती, जानेवारी २०२३ मध्ये सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरतो. आम्ही दोघांनी केलंय. मुलगी फोनवर रडली, मग तिनेच ड्राफ्ट वाचून दोन दुरुस्त्या सांगितल्या.

"मुलांनी टाकलं" असं नातेवाइकांत बोललं जातं, आमच्याही बोललं गेलं. मुलगी महिन्यातून एक वीकेंड येते, पूर्वीही तेवढीच यायची, पण तेव्हा ती औषधं भरायची, बँकेची कामं करायची, बाथरूम धुवायची आणि दमून परत जायची. आता बापाशी पत्ते खेळते. नातू वॉचमनकाकांकडून मार्चिंग शिकतो. ज्यांची मुलं खरंच येत नाहीत असेही इथे आहेत, दिवाळीत ते फराळाला सगळ्यांत असतात पण फोन हातातून खाली ठेवत नाहीत, ते दुःख कुठलीही संस्था भरून काढत नाही आणि तसं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

बघायला जाणार असाल तर सणाच्या किंवा ओपन हाऊसच्या दिवशी जाऊ नका, साध्या मंगळवारी दुपारी बाराला जा, पैसे देऊन तिथेच जेवा आणि टेबलावर लोक एकमेकांशी बोलतायत का ते बघा. गेस्ट रूम असेल तर दोन चार रात्री राहून बघा, आम्ही राहिलो होतो.

आमचं अ‍ॅग्रीमेंट पुढच्या महिन्यात रिन्यू करायचंय आणि आम्ही करणार आहोत. रात्रीची दुसरी नर्स आणि आवारात राहणारा ड्रायव्हर या दोन गोष्टी कमिटीने लेखी मागितल्यात, सत्तरहून जास्त रहिवाशांच्या सह्या आहेत, पहिली सही यांची, दुहेरी रेघांच्या वहीवर सराव करून केलेली. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.